काढून टाकलेलं माहितीपत्रकात सापडत नाही

नमस्कार,

इंदूरहून आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. सारख्याच दिसणाऱ्या मॉडेलांची कॅमेरा कंपन्यांनी केलेली गर्दी मी लेखात झोडपली, त्यावर आपले तीन आक्षेप. पर्याय वाढले की बेताच्या पैशात कॅमेरा घेणाऱ्याचंही भागतं. मोबाइलमुळे कंपन्यांची पडझड झालीय, त्यांना धंदा करू द्या. आणि माहितीपत्रक नीट वाचून घेतलं तर कुणी फसत नाही.

पहिला मान्य. पैसे साठवून पहिला कॅमेरा घेणाऱ्या मुलांचा विचार मी केला नव्हता, ती माझी चूक. दुसराही मान्य. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. काटकसर होणारच.

तिसरा मात्र अजिबात पटत नाही. माहितीपत्रकात असतं ते छापतात. काढून टाकलेलं कोण छापतं?

गेल्या गणपतीतली गोष्ट. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाची नवा कोरा कॅमेरा घेऊन आली. तिने दोन मॉडेलं शेजारी ठेवून तासभर तुलना केली होती, पत्रकं अक्षरन् अक्षर वाचली होती. आरतीच्या वेळी त्यावर माझा जुना फ्लॅश चढवला. फोटो अंधारा. पुन्हा काढला, तोही अंधारा. फ्लॅशचा लाल दिवा लागलेला, म्हणजे चार्ज पूर्ण. तरी सेल बदलले. शेवटी फ्लॅश उतरवला आणि हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेवर, मोबाइलचा टॉर्च धरला. मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो, त्यातूनच फ्लॅशला इशारा जातो, मग फ्लॅश कुठल्याही कंपनीचा असो. तो ठिपकाच नव्हता! तिथे सपाट काळं प्लॅस्टिक. कडेचे बारीक ठिपके तेवढे होते, ते त्याच कंपनीच्या महागड्या फ्लॅशसाठी. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिने काय वाचायचं राहू दिलं होतं, सांगा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही.

निकॉनच्या डी३३०० ला बाहेरचा माइक लावायची सोय होती. २०१६ मध्ये त्याच्या जागी डी३४०० आला आणि ती सोय गेली. सेन्सरवरची, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची, धूळ झटकायची यंत्रणाही गेली. नंबर मात्र वाढला. आकडा मोठा म्हणजे वस्तू सुधारलेली, असंच दुकानात उभा असलेला माणूस समजणार ना? त्यात नावांचा घोळ. आपल्याकडचा कॅनन १५००डी युरोपात २०००डी, अमेरिकेत रेबेल टी७, जपानात किस एक्स९०. वाचून घ्या म्हणता, पण कुठल्या नावाने शोधून वाचायचं?

उलट सोनीने २०१९ या एकाच वर्षात ए६१००, ए६४००, ए६६०० असे तीन आणले, तिन्ही २४ मेगापिक्सेलचे. तरी ते मला खटकत नाहीत. ए६६०० मध्ये बॉडीतलं (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातलं) स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय, आणि मोठी बॅटरी आहे, आणि जास्त पैसे कशाचे ते लगेच कळतं. म्हणजे मॉडेलं किती, यावरून मी लेखात आकांडतांडव केलं ते जरा चुकलंच. राग यायला हवा तो गुपचूप केलेल्या काटछाटीचा.

आता लेकीसाठी कोणता घ्यावा, हा आपला प्रश्न. घरातला फ्लॅश, लेन्स, माइक जे असेल ते पिशवीत घालून दुकानात न्या. प्रत्येक वस्तू त्याच बॉडीवर चढवून, बटण दाबून बघा, मगच पैसे द्या. निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स असेल तर विशेष सांभाळा. या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते आणि डी३४०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीतही नसते, त्यामुळे ती लेन्स हाताने फिरवूनच फोकस करावी लागते. आपल्या लेन्सवर काय लिहिलंय तेवढं कळवा, म्हणजे तिच्याशी जुळणारी बॉडी नावानिशी सांगतो.