स्टीम पीलरचा तो फॉरवर्ड, आणि मामांना दिलेलं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच व्हिडिओ मला सात जणांनी पाठवलाय. एक गोल ड्रम, त्यातून भसाभसा वाफ निघतेय, खालून पिवळेधमक बटाटे गडगडत येतायत आणि मागे ढोलताशा. खाली मजकूर असा: "वाफेवर सोलणारं परदेशी टेक्निक आता ३ लाखात. घरच्या कुकरसारखंच, १५ चं प्रेशर. केळी, कांदा, लसूण, बटाटा सगळं १० सेकंदात. वेस्टेज शून्य, सत्त्व १०० टक्के. लायसन नको, केमिकल नको. वेफर्सवाल्यांसाठी वरदान. खान्देशातल्या तरुणांनो, जागे व्हा." सातवा फॉरवर्ड आमच्या अमळनेरच्या मामांचा होता. पाठोपाठ त्यांचा फोन, "हाई मशीन लेवानं का रे भो? कितला पैसा लागतीन?" मामांचं केळी आणि बटाट्याच्या वेफर्सचं छोटं युनिट आहे, दिवसाला दोनेक क्विंटल बटाटा, दोन बाया सोलायला. म्हणून म्हटलं आता नीटच लिहितो, कारण मी जळगावकडे एका प्लांटवर बॉयलर आणि स्टीम पीलर (वाफेच्या दाबाने साल काढणारं मशीन) दोन्हीवर सहा वर्षं काढलीयेत आणि हे मशीन मला चांगलंच माहितीये. मशीन खोटं नाहीये. फॉरवर्ड खोटा आहे.

पहिलं ते कुकरचं. हेच मला सगळ्यात जास्त खटकलं कारण "१५ चं प्रेशर" हे वाक्य दोन्हीकडे खरं आहे आणि तिथेच लोक फसतात. घरच्या कुकरचं १५ म्हणजे १५ पाउंड, चौरस इंचावर. पीलरचं १५ म्हणजे १५ बार, आमच्या भाषेत १५ किलो. १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पाउंड, म्हणजे पीलरमधला दाब कुकरच्या चौदा-पंधरा पट झाला. कुकरमध्ये पाणी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, १५ बारला वाफ २०० डिग्रीची असते. आता त्या भांड्याला अर्धा मीटर व्यासाचं दार आहे असं धरा आणि गुणाकार करा, त्या दारावर आतून ३० टनाचा जोर येतो. भरलेला ट्रक दारावर उभा केल्यासारखं. याला कुकर म्हणणारा माणूस मला एकदा त्या दारासमोर उभा करायचाय, अर्थात इंटरलॉक, म्हणजे आत दाब असेपर्यंत दार उघडू न देणारी कडी, चालू असताना.

आणि साल वाफेने वितळत वगैरे नाही. हे समजून घ्यायला कुठं जायची गरज नाही, आपल्याकडचं भरीत आठवा. कपाशीच्या काड्यांवर वांगं टाकलं की सालीखालचं पाणी तापतं, वाफ होते, तिला जागा हवी असते म्हणून साल फुगते, मांसापासून सुटते आणि मग बोटाने ओढली तरी निघते. टोचे मारायला विसरलात तर वांगं फटकन फुटतं, हे प्रत्येक घरात एकदा झालेलं असतं. पीलरमध्ये तेच होतं फक्त दाबाखाली आणि डोकं लावून. बटाटे व्हेसलमध्ये, म्हणजे दाबाच्या भांड्यात, भरायचे, दार बंद, वाफ सोडायची. दाब असल्यामुळे सालीखालचं पाणी १०० च्या कितीतरी वर जातं तरी पाणीच राहतं, उकळायला त्याला मोकळीकच नाही. व्हेसल सावकाश फिरत असतं, मिनिटाला चारपाच फेरे, म्हणजे सगळ्या बटाट्यांना सारखी वाफ लागते. असे काही सेकंद, फार तर अर्धा मिनिट. आणि मग वाफ बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडायचा. दाब गेला की ते तापलेलं पाणी जागच्या जागी वाफ होतं, १ लिटर पाण्याची मोकळ्या हवेत १६०० लिटरच्या वर वाफ होते, ती सालीला आतून ढकलते आणि साल सुटते. म्हणजे साल काढायचं काम वाफ आत सोडण्यात नाही, बाहेर सोडण्यात आहे. तो एक्झॉस्ट सुस्त पडला ना, की बटाटा शिजतो पण साल तशीच. आमच्याकडे एकदा व्हॉल्व्ह अडकायला लागला होता आणि शिफ्टवाला पोरगा साल निघत नाही म्हणून वेळ वाढवत गेला, ८ सेकंदांचे १२ केले, १२ चे १८, शेवटी कन्व्हेयरवर अक्षरशः भाजीचा लगदा आला. वेळ वाढवून काही होत नसतं.

बरं, सुटलेली साल तिथेच खाली पडते असंही नाही. ती बटाट्याला चिकटलेली असते, पुढे ब्रशचे रोलर लागतात, मग धुवायचं युनिट. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही.

आता केळी. खान्देश म्हटलं की केळी घातल्याशिवाय कुणाचंच मार्केटिंग पूर्ण होत नाही, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून तर जास्तच. पण भाऊ, केळीची साल ही बटाट्याची साल नाही. बटाट्याची साल पातळ आणि खाली लगेच ओला टणक गर, म्हणून ती युक्ती चालते. केळीची साल जाड, स्वतःच मऊ, त्यात चीक, आणि आतला गर त्यापेक्षा नाजूक. आम्ही एकदा रात्रपाळीला सुपरवायझर नसताना अर्धा क्रेट कच्ची केळी घालून बघितलीत, खोटं कशाला बोलू. बाहेर जे आलं ते शिकरण म्हणून पण कुणी खाल्लं नसतं, आणि ब्रशमधून तो चीक काढायला दोन तास गेले. कच्च्या केळीची साल सैल करायला लोक ७० ते ७५ डिग्रीच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात, पीठ करणारे तसं करतात, ते ठीक आहे, त्याला साधी टाकी पुरते. बाकी रावेर-यावल पट्ट्यात वेफर्सची केळी आजही बाया सुरीने सोलतात आणि लगेच पाण्यात टाकतात, नाहीतर काळी पडतात. दोन बायांच्या हातापुढे मशीन हरतं अशी काही कामं आहेत, त्यातलं हे एक.

कांदा-लसणाचं तर गंमतच आहे. कांद्याचं वरचं टरफल कोरडं, कागदासारखं, त्याच्याखाली वाफ व्हायला पाणी कुठंय? वाफेत घातला तर वरचे दोन पापुद्रे शिजून बुळबुळीत होतात आणि टरफल ओलं होऊन आणखीच चिकटतं. कांद्याला शेंडा-बुडखा कापून हवेच्या झोताने सोलतात, काही ठिकाणी हजार डिग्रीच्या वरच्या भट्टीतून क्षणभर फिरवून टरफल जाळतात. लसूणही हवेवरच, म्हणजे कॉम्प्रेसर लागतो, बॉयलर नाही. जळगावात पांढरा कांदा वाळवायचं एवढं मोठं काम चालतं, तिथल्या कुणालाही विचारा. वाफेवर चालतं ते बटाटा, गाजर, बीट, रताळं, भोपळा, टोमॅटोला वेगळी सेटिंग. एवढंच.

वेस्टेज शून्य, यावर फार लिहीत नाही. साल काढली म्हणजे वजन गेलंच, शून्य कसं येईल. खरे आकडे पाहिजेत तर फूड प्रोसेसिंगच्या पुस्तकात सापडतात: घासणाऱ्या ड्रमवर, म्हणजे आतून कार्बोरंडमचा खडबडीत लेप असतो तो, साधारण २५ टक्के माल जातो, वाफेवर ८ ते १८. हा फरक खरंच मोठा आहे आणि मोठे प्लांट वाफेवर जातात ते याच्यासाठीच. रोज १० टन बटाटा असेल तर ड्रमवर अडीच टन कचरा आणि वाफेवर आठशे ते अठराशे किलो, बाकीचा बटाटा विकायला राहतो. पण मामांच्या २ क्विंटलवर लावा हे गणित. ड्रमवर ५० किलो गेले, वाफेवर १६ ते ३६. दिवसाला वाचले १४ ते ३४ किलो. एवढ्यासाठी बॉयलर पेटवायचा?

आणि इथेच येतं "लायसन नको". हे वाचून मी खरंच हसलो आणि मग राग आला. १५ किलोची वाफ येणार कुठून, आकाशातून? बॉयलर लागतोच. २५ लिटरच्या वरची क्षमता आणि १ किलोच्या वर दाब, झालं, तुम्ही कायद्यात आलात. आधी १९२३ चा इंडियन बॉयलर्स ॲक्ट होता, आता त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर्स ॲक्ट आहे, नाव बदललं म्हणून सुटका झाली असं नाही. रजिस्ट्रेशन, बाष्पके संचालनालयाचं इन्स्पेक्शन, सर्टिफिकेट जास्तीत जास्त बारा महिन्यांचं, आणि चालवायला पास झालेला बॉयलर अटेंडंट. म्हणजे तुम्ही बटाटा सोला किंवा नका सोलू, त्याचा पगार चालू. वर सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, कारण सालीचा चोथा आणि स्टार्चचं पाणी नाल्यात सोडलं की आठवड्यात वास गावभर.

त्यात आपलं पाणी. बोअरच्या पाण्यात चहा करणाऱ्या प्रत्येकाने पातेल्याच्या बुडाला पांढरा थर पाहिलाय. तोच थर बॉयलरच्या ट्यूबवर बसतो, ट्यूबला पाण्याचा गारवा मिळत नाही, ती तापत तापत फुगते आणि एक दिवस फुटते. म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर आला, त्याला मीठ आलं, रोजचं ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरच्या तळाचं गाळाचं पाणी सोडणं, आलं. जळणाचं आपल्याकडे त्यामानाने बरं आहे, कपाशीच्या काड्यांच्या ब्रिकेट मिळतात, आम्ही त्याच जाळायचो, पावसाळ्यात ओल्या आल्या की मात्र धूरच धूर आणि प्रेशर काही चढत नाही.

अजून एक जे कुणीच सांगत नाही. पीलर वाफ सलग घेत नाही, घोटाघोटाने घेतो. व्हॉल्व्ह उघडला की एकदम गटागटा, मग थांबला, मग परत. छोटा बॉयलर असेल तर प्रत्येक घोटाला प्रेशर बदकन पडतं आणि वाफेबरोबर पाणीच ओढलं जातं. म्हणून मध्ये ॲक्युम्युलेटर, म्हणजे वाफ साठवणारी टाकी, बसवतात, तो पण प्रेशरचा, त्याचे पण कागद. आणि पीलरचं भांडं स्वतः मिनिटाला एकदा शून्यावरून पंधरावर आणि पुन्हा शून्यावर, दोन पाळ्यांत हजारच्या आसपास वेळा. तार वाकवून वाकवून तुटते तसं लोखंडही थकतं, वेल्डिंगपाशी आधी. किरेम्को किंवा टॉमरासारख्या बाहेरच्या कंपन्यांची मशीनं महाग असतात त्यात या थकण्याचा हिशेब धरलेला असतो. गल्लीतल्या फॅब्रिकेटरने पत्रा वळवून केलेल्या भांड्यात तो धरलेला नसतो.

वेफर्ससाठी वरदान, हे तर बरोब्बर उलटं आहे. वाफेने सालीखालचा बारीक थर शिजतोच, कितीही कमी सेकंद ठेवा. फ्रेंच फ्राईज किंवा बटाट्याचे फ्लेक्स करणाऱ्याला त्याचं काही नाही. वेफर म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटरची चकती, तिच्या कडेला ती शिजलेली रिंग राहते आणि तळली की वेगळीच दिसते. म्हणून मोठमोठे चिप्सवालेसुद्धा बहुतेक घासणारा ड्रमच वापरतात. म्हणजे मामांकडे जो जुना ड्रम कोपऱ्यात पडलाय तोच त्यांच्या कामाचा आहे, आतला लेप गुळगुळीत झालाय तेवढा नवा करून घ्यायचा.

केमिकलचं थोडक्यात. कॉस्टिक सोड्याने सोलतात ते खरं, गरम पातळ द्रावणात बुडवून मग धुतात. ते खाणारा मरत नाही, धुतलेलं असतं. त्रास त्या सांडपाण्याचा असतो आणि बरेच प्लांट त्यामुळेच वाफेकडे वळले. आणि वाफेवर "सत्त्व १०० टक्के" पण नसतं, व्हिटॅमिन सी उष्णतेने जातंच, फक्त इथे उष्णता वरवर लागते म्हणून कमी जातं. पुढे तुम्ही तेलात तळणारच आहात, तिथे काय वाचवणार.

मग ३ लाखात देतायत ते आहे काय? मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. ड्रमचं तोंड उघडं आहे आणि वाफ बाहेर येतेय. तोंड उघडं म्हणजे दाब शून्य, संपला विषय. आत बटाटे फिरतायत आणि वरून पाण्याचा फवारा पडतोय, म्हणजे तो साधा घासणारा ड्रमच आहे, गरम पाणी सोडलंय म्हणून वाफ दिसतेय. त्यासाठी ३ लाख.

मामांना म्हटलं, घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला फोन लावा आणि तीनच गोष्टी विचारा. व्हेसलचं डिझाईन प्रेशर किती, त्याचं सर्टिफिकेट आहे का, आणि माझा २ क्विंटल बटाटा घेऊन येतो, माझ्यासमोर सोलून आधी-नंतरचं वजन करून दाखवाल का. काल लावला त्यांनी. समोरचा म्हणे, "आधी टोकन टाका, मग आमचे इंजिनियर तुमच्याशी बोलतील." मामांनी फोन ठेवला आणि मला विचारलं ड्रमला लेप कोण लावून देतं. एमआयडीसीत एकजण आहे, रविवारी घेऊन चाललोय.