"रेस द्या, ऑइल आपोआप पोचतं" म्हणे!

गेल्या आठवड्यात दाजींनी एक मेसेज फॉरवर्ड केला, खाली लिहिलेलं "बघ, किती सोपं आहे". मथळा 'नवीन टर्बोला ऑइल पोचत नाही? ७ रामबाण उपाय'. हाच मेसेज आधी तीन ग्रुपवर येऊन गेलेला, तेव्हा मी सोडून दिला. पण दाजींच्या गाडीचा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) खरंच गेलाय, नवीन खोक्यात पडलाय आणि या रविवारी भाच्याला हाताशी घेऊन ते स्वतः बसवणार आहेत. म्हणून लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

आधी उपाय क्रमांक ३ घेतो, कारण टर्बो मारायचा असेल तर यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. "बसवल्यावर लगेच इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटं जोरात रेस द्या, प्रेशरने ऑइल आपोआप पोचतं."

अहो, टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, छोट्या टर्बोत तर दोन लाखांच्याही वर. लाख धरले तरी सेकंदाला सोळाशेपेक्षा जास्त फेरे झाले. नेहमीच्या टर्बोत तो शाफ्ट बुशमध्ये (आधार देणाऱ्या धातूच्या कड्यात) फिरतो आणि बुशला टेकतच नाही, मधे ऑइलचा पातळ थर असतो त्याच्यावर तरंगतो. नवीन टर्बो आतून जवळपास कोरडा, ऑइलची नळी रिकामी, फिल्टर बदलला असेल तर तोही रिकामा. हे सगळं भरून ऑइल टर्बोपर्यंत यायला काही सेकंद जातात आणि नेमक्या त्याच सेकंदांत तुम्ही रेस देणार! धातूवर धातू घासतो, बुशला चरे पडतात, आणि दोन महिन्यांनी शिट्टी वाजायला लागली की म्हणायचं "माल डुप्लिकेट निघाला".

करायचं ते याच्या बरोबर उलट. ऑइलची नळी जोडायच्या आधी टर्बोच्या वरच्या भोकातून स्वच्छ इंजिन ऑइल ओतायचं, टर्बोचं चाक हाताने हळू फिरवायचं म्हणजे ते आत पसरतं. मग इंजिन चालू होणार नाही अशी सोय करून (डिझेलला इंधन बंद, पेट्रोलला स्पार्क आणि इंधन दोन्ही बंद) थोडं थोडं थांबून सेल्फ मारायचा, प्रेशर येईपर्यंत. त्यानंतर चालू करायचं आणि काही मिनिटं नुसतं आयडलवर ठेवायचं, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. हे माझं डोकं नाही, टर्बोच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद येतो त्यावर चित्रांसकट असतं. तो कागद आपल्याकडे हात पुसायला जातो ही गोष्ट वेगळी.

उपाय १, "ऑइल पोचत नसेल तर टर्बोच खराब, बदलून घ्या". टर्बो काय ऑइल खेचतो का? त्याला पंप नाही, इंजिन देईल तेवढं तो घेणार. जुना टर्बो ऑइलअभावी मेला असेल आणि ते का झालं हे शोधलं नाही तर दुसराही मरणार, तिसराही. प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्डच्या गाड्यांत आलेलं १.६ लिटरचं एक डिझेल इंजिन यासाठी बदनाम आहे. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर गळायला लागलं की काजळी ऑइलमध्ये उतरते, गाळ होतो, तो चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीत आणि टर्बोच्या बारीक नळीत बसतो. त्या इंजिनासाठी टर्बोवाल्यांनी चाचणीच ठरवून दिलीय: टर्बोची परतीची नळी इंजिनाकडून सोडवून भांड्यात धरायची, इंजिन ६० सेकंद आयडलवर चालवायचं, भांड्यात निदान ०.३ लिटर ऑइल यायला हवं. कमी आलं तर अडथळा अजून आहेच, तो काढल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. आकडा त्या इंजिनाचा आहे, दाजींच्या इंजिनाचा त्यांच्या मॅन्युअलमध्ये बघावा लागेल, पण रीत तीच. आणि भांड्यात काढलेलं ऑइल परत भरायला विसरू नका (हो, विसरणारे बघितलेत).

उपाय ५, "ऑइलचा दिवा पेटत नाही म्हणजे टर्बोला ऑइल मिळतंय". तो स्विच इंजिनाच्या मुख्य वाटेवर असतो आणि प्रेशर अगदीच पडलं तर पेटतो. टर्बोची नळी गाळाने पूर्ण बंद असली तरी त्याला कळणारही नाही.

उपाय २, बँजो बोल्टमधली (टर्बोची ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमधली) बारीक जाळी काढून टाका. इथे नाइलाजाने मान्य करतो, अर्धी गोष्ट खरी आहे. ती जाळी चोंदते, आणि काही इंजिनांना पुढे कंपनीनेच बिनजाळीचा बोल्ट दिला. पण जाळी चोंदली का, तर मागे गाळ आहे म्हणून. नुसती जाळी काढलीत तर तोच गाळ थेट बुशमध्ये जाणार. बोल्ट आणि नळी दोन्ही नवीन टाका, चेंबर उतरवून आतली जाळी साफ करा.

उपाय ६, ऑइलच्या जोडाला "गळू नये म्हणून" सीलंट. गॅरेटसकट सगळे टर्बोवाले नको म्हणून सांगतात. जास्तीचं सीलंट आत दाबलं जातं, त्याचा तुकडा सुटतो आणि भोकात अडकतो. गळती थांबवायला गेलात आणि पुरवठाच थांबवलात. नवीन पॅकिंग, कोरडं, बास.

उपाय ४, घट्ट ऑइल घाला. थंड इंजिनात घट्ट ऑइल उशिरा पोचतं. पुढे बोलायला नको. मॅन्युअलमधला ग्रेड घाला.

राहिला ७, "निळा धूर आला की टर्बोचं सील गेलं". जाऊ शकतं, नाही म्हणत नाही. पण आधी परतीची नळी बघा. त्यात प्रेशर नसतं, ऑइल स्वतःच्या वजनाने खाली येतं, म्हणून नळी मोठी आणि जमेल तितकी उभी हवी, कुठे दबलेली किंवा पॅकिंगने अर्धी झाकलेली नको. ब्रीदर (इंजिनाच्या आत साठणारी हवा बाहेर सोडणारी वाट) चोंदून इंजिनात प्रेशर साठलं तरी ऑइल उतरत नाही आणि चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही बाहेर येतं. शिवाय जुन्या टर्बोने ओकलेलं ऑइल इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) आणि सायलेन्सरमध्ये पडून असतं, ते जळेपर्यंत धूर येणारच. इंटरकूलर मात्र आधीच रिकामा करा, डिझेल इंजिन ते ऑइल पिऊन चावी काढली तरी बंद होत नाही असं होऊ शकतं.

तर दाजी, खोकं अजून उघडलं नसेल तर रविवारी टर्बोला हात लावू नका. आधी चेंबर उतरवा, आतल्या जाळीचा फोटो पाठवा, भाच्याला तो कागद वाचायला द्या. फोटो बघून फोन करतो.