सीझरच्या डोक्यावर फोडलेलं खापर

‘सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली आणि रोमचं प्रजासत्ताक एका रात्रीत संपलं. सगळं एकट्या सीझरच्या हावेपायी. त्याला मारणारा ब्रूटस मात्र लोकशाहीसाठी लढला.’ हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. वाचायला झकास, पण इतिहास म्हणून कच्चा.

आधी ‘एका रात्रीत’ बघू. इ.स.पू. 49 च्या जानेवारीत सीझर फौज घेऊन नदीपार आला, हे खरं; सेनापतीने फौजेसकट ही हद्द ओलांडणं बेकायदा होतं. पण फौजेनिशी रोमवर चालून जायचा पायंडा त्याचा नव्हे, आधीच्या सुल्ला या सेनापतीचा. इ.स.पू. 88 मध्ये पूर्वेकडचा राजा मिथ्रिडेटीस याच्यावरच्या मोहिमेची सूत्रं सुल्लाकडून काढून त्याचा प्रतिस्पर्धी मारियसला दिली, तेव्हा तो सरळ राजधानीवर उलटला. एक सोडून त्याचे सगळे वरिष्ठ अधिकारी निघून गेले, शिपाई मात्र त्याच्यासोबत राहिले. पूर्वेकडची लूट त्यांनाही हवीच होती! पुढे हाच सुल्ला बेमुदत हुकूमशहा झाला. मारायच्या माणसांच्या याद्या त्याने भर चौकात लावल्या, मारणाऱ्याला बक्षीसही ठेवलं. सीझर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा.

आणि रक्त सांडायला सुरुवात तर त्याच्याही आधी, इ.स.पू. 133 मध्ये झाली. जमीनवाटपाचा कायदा आणणारा ट्रिब्यून (सामान्य जनतेचा निवडलेला प्रतिनिधी) टायबेरियस ग्रॅकस पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा सिनेटच्या, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्या उमरावांच्या सभेच्या, सभासदांनी बाकांचे पाय मोडून हातात घेतले आणि त्याला ठेचून मारलं. सोबत सुमारे तीनशे माणसं गेली. प्रेतं रात्री टायबर नदीत. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हे तिथे पाप होतं, बरं का.

‘सगळं एकट्या सीझरच्या हावेपायी’ हेही अर्धवटच. सीझर आणि त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती पॉम्पी, दोघांनीही फौजा सोडाव्यात, असा ठराव इ.स.पू. 50 च्या डिसेंबरात सिनेटने 370 विरुद्ध 22 मतांनी मंजूर केला होता. तो धाब्यावर बसवून कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) मार्सेलसने सीझरविरुद्ध लढायला पॉम्पीच्या हाती तलवार दिली. बाविसांचा हट्ट तीनशे सत्तरांना भारी पडला.

राहिला ब्रूटस. सायप्रसमधल्या सॅलामिस शहराला त्याने दलालांमार्फत दिलेल्या कर्जाचं व्याज होतं सालाना 48 टक्के. वसुलीसाठी त्याच्या माणसाने तिथल्या नगरसभेला घोडदळाचा वेढा घातला, त्यात पाच सभासद उपासमारीने मेले. सीझरने जिवंतपणी आपला चेहरा नाण्यांवर छापून घेतला, तेव्हा जुन्या वळणाच्या लोकांना तो राजेशाही माज वाटला होता. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर एका बाजूला दोन खंजीर आणि मुक्त गुलामाची टोपी (स्वातंत्र्याची खूण) आहे, दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचा चेहरा.