अंडं लहान पडलं म्हणून अँटिबायोटिक?

लेअरवाल्यांच्या, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘अंड्याची साइज कमी झाली म्हणजे शेडमध्ये बॅक्टेरियाची लागण. पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्या, साइज परत येते. अंड्यात औषध उतरत नाही.’ वाक्यं तीन, आणि एकही धड नाही.

आधी लागणीचं बघू. अंड्याचं वजन मुख्यतः ठरतं ते पक्ष्याचं वय, अंड्यावर येतानाचं त्याचं वजन आणि पोटात जाणारं खाद्य यांवर. 20 आठवड्यांची तलंग (नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी) 45 ग्रॅमच्या आसपासचं अंडं देते. 30 आठवड्यांपर्यंत तेच 50च्या पुढे जातं. तलंगांचं वजन भरायच्या आत दिव्यांचे तास वाढवले की अंडी लवकर मिळतात, पण बारीक. खाद्यात मेथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) कमी पडलं तरी तीच गत. एप्रिल-मेमध्ये शेडचा पारा 35च्या वर गेला की पक्षी धापा टाकतो, नुसतं पाणी पितो. रोजचं 110 ग्रॅम खाणं 90वर आलं, तर मोठं अंडं येणार कुठून?

जिवाणूंचा संबंध नाही असं नाही. पण ते सहसा आधी दुसरीकडे दिसतात. कोरायझा या सर्दीसारख्या आजारात तोंड सुजतं, नाकातून घाण वासाचं पाणी येतं, अंड्यांची संख्या धपकन उतरते. ई. कोलाय अंडनलिकेत शिरला तर पक्षी अंडं घालायचंच थांबतो, नाहीतर मरतो. मायकोप्लाझ्मा सायनोव्हीचे काही प्रकार कवच बिघडवतात: टोकाकडचा भाग खरखरीत आणि पातळ होतो, उजेडासमोर धरला तर तेवढाच उजळ दिसतो आणि ट्रेमध्ये ठेवतानाच तडकतो. या आजारांत वजन घटतं ते बरेचदा खाणं सुटल्यामुळे. संख्या, कवच, मरतुक सगळं जागेवर आणि फक्त साइज खाली, तर जिवाणूवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. बारीक, वेडीवाकडी अंडी आणि आतलं पांढरं पाण्यासारखं पातळ दिसलं, तर इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिसची शंका घ्यावी. तो विषाणू, अँटिबायोटिक त्याच्या केसालाही धक्का लावत नाही.

‘आम्ही दिलं आणि साइज वाढली’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण तलंगांची अंडी आठवड्यागणिक वाढतातच, आणि वळवाचा पाऊस पडून गारवा आला की पक्षी पुन्हा खायला लागतो. श्रेय मात्र बाटलीला.

‘औषध उतरत नाही’ ही तर शुद्ध थाप. बलक भरायला साधारण 10 दिवस लागतात. त्या काळात रक्तात असलेली अनेक औषधं त्यात उतरतात आणि डोस संपल्यावरही काही दिवस अंड्यात येत राहतात. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर कोंबड्यांसह सगळ्या खाद्यप्राण्यांसाठी 2019पासून देशात बंदी आहे.

साइज कमी वाटली तर आधी तराजू काढा. रोज त्याच ओळीतली, त्याच वेळची 30 अंडी ट्रेसकट तोला, रिकाम्या ट्रेचं वजन वजा करा, 30ने भागा आणि आकडा आपल्या जातीच्या वयानुसार वजनाच्या तक्त्याशी ताडून बघा. मग खाद्य किती संपतंय ते आणि काही पक्ष्यांचं वजन. त्याबरोबर संख्या किंवा कवचही घसरलं असेल, तर ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनाला न्या. औषध कोणतं आणि द्यायचं की नाही, ते तो अहवाल बघून सांगेल.