मायनस नंबर वाढला की नुसती काच बदलू नका

"वाढतं वय आहे, नंबर वाढणारच" हे वाक्य आता बाद करायला हवं. मायनस नंबर वाढतो तेव्हा बहुतेक मुलांत डोळ्याचा गोळा मागच्या बाजूने लांबत असतो आणि आतला पडदा ताणला जातो. ढोबळ हिशेबात १ मिलिमीटर लांबी म्हणजे अडीच ते तीन नंबर. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. पुढे लेसरने चष्मा गेला तरी पडदा सुटण्याचा धोका राहतोच.

तपासणी थेंब घालूनच करून घ्या. मुलांची जवळ फोकस करायची ताकद जबरदस्त असते. ती थेंबांनी सैल केली नाही तर मशीन उगाच जास्त मायनस दाखवतं. शिवाय दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजा, शक्यतो त्याच मशीनवर. डोळ्याला स्पर्शही होत नाही.

"थोडा कमी नंबर द्या, सवय लागेल" हा सल्ला तर चक्क उलटा पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मलेशियातल्या चाचणीत मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वाढला होता.

नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या ॲट्रोपिन या औषधाचा रात्री एक थेंब, पण किती टक्क्यांचा? हाँगकाँगच्या चाचणीत ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के यांची तुलना झाली, त्यात ०.०५ सरस ठरलं. ०.०१ वर ठेवूनही लांबी वाढतच असेल तर डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला. १ टक्क्याची बाटली घरी पातळ करण्याचा उद्योग मात्र नको. आणि थेंब मनाने एकदम बंद करू नका, दाबलेला नंबर उसळी मारतो. जास्त मात्रेत तर फारच.

नंबर रोखणाऱ्या खास काचांमध्ये मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवती बारीक भिंगांची जाळी असते. फ्रेम नाकावरून घसरली की मूल त्या मधल्या भागातून बघतच नाही, आणि महागडी काच वाया जाते. फ्रेम घट्ट हवी, चष्मा दिवसभर हवा. नंबर रोखायला रात्री झोपताना डोळ्यात घालायच्या कडक लेन्सही चालतात, पण लेन्सला नळाचं पाणी लावणाऱ्या घरात नकोतच. त्यातून होणारा अकँथअमीबा या पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचा संसर्ग नजर घालवू शकतो.

उघड्यावरचे रोज दोन तास नंबर लागायच्या आधी जास्त उपयोगी, लागल्यावर कमी. त्यामुळे थोरल्याला चष्मा लागला असेल तर धाकट्याला आजच बाहेर पिटाळा. झाडाच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो.