आर्क्टिकची गावं, अंधार आणि ‘सगळ्यांना शहरात हलवा’ हा सल्ला

उत्तर ध्रुवाकडच्या वस्त्यांबद्दल एक ढकलपत्र अधूनमधून फिरत असतं. बर्फातल्या रंगीबेरंगी घरांचा फोटो आणि खाली साधारण असा मजकूर: आर्क्टिकमधली गावं ओस पडत चाललीयत, सहा-सहा महिने अंधार आणि हाडं गोठवणारी थंडी, म्हणून तिथली तरुण पोरं जीव देतात, आणि या मूठभर लोकांवर सरकारं पाण्यासारखा पैसा ओततात. त्यापेक्षा सगळ्यांना शहरात आणून वसवा, त्यांचंही भलं आणि करदात्यांचंही.

हे नुसतं ढकलपत्रवाल्यांचं डोकं आहे असंही नाही. २०१६ मध्ये कॅनडातल्या अटावापिस्काट या क्री आदिवासींच्या दुर्गम वस्तीत आत्महत्येच्या प्रयत्नांमुळे आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा माजी पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांनीही काही लोकांना तिथून हलावंच लागेल असा सूर लावला होता. म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

‘गावं ओस पडत चाललीयत’

कुठली? आर्क्टिकमध्ये सुमारे ४० लाख माणसं राहतात, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या रशियात. तिथलं म्हणणं खरं आहे. मुर्मान्स्क शहरात १९८९ मध्ये ४ लाख ६८ हजार लोक होते, २०२१ मध्ये २ लाख ७० हजार उरले. रशियाच्या ईशान्य टोकाच्या चुकोत्का प्रदेशात १ लाख ६४ हजार होते, २००२ पर्यंत जेमतेम ५४ हजार राहिले. पण थंडी १९८९ मध्येही तेवढीच होती की! सोव्हिएत सरकारने जादा पगाराच्या आमिषाने खाणींवर आणि बंदरांवर माणसं नेली होती. सोव्हिएत संघ कोसळला, ती मिळकत आटली, माणसं आपापल्या मुलखाला परतली. गेले ते मुख्यतः बाहेरून आलेले; मूळचे चुकची लोक तिथेच राहिले.

आता कॅनडाचा नुनावुत बघा. १ एप्रिल १९९९ ला वेगळा झालेला हा प्रदेश महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा, वस्त्या फक्त २५, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही. अशा ठिकाणी २००१ मध्ये २६,७४५ लोक होते, २०२१ मध्ये ३६,८५८ झाले. वीस वर्षांत ३८ टक्के वाढ. निम्मी लोकसंख्या २६ वर्षांखालची. तिथलं दुखणं ओस पडण्याच्या नेमकं उलट आहे: घरं पुरत नाहीत. इनुइट म्हणजे तिथले मूळचे आदिवासी. कॅनडाच्या इनुइट मुलखात राहणाऱ्या इनुइटांपैकी निम्म्याहून जास्त लोक २०२१ मध्ये दाटीवाटीच्या घरांत राहत होते. क्षयरोग तिथून हटत नाही, त्याचं एक मोठं कारण ही दाटी. फोटोतली घरं बाहेरून दिसतात, आत किती जण झोपतात ते दिसत नाही.

ग्रीनलंडचा आकडा गेली कित्येक वर्षं ५६ हजारांच्या आसपास अडकलाय. लोक हलतात, पण लहान वस्तीतून राजधानी नूकला. एक तृतीयांश देश आता त्या एका शहरात आहे. नॉर्वेत ट्रोम्सो वाढलं आणि फिनमार्कच्या किनाऱ्यावरची मच्छीमारांची गावं आटली. अंधार दोघांच्या वाट्याला आहे. फरक असा की ट्रोम्सोत १९७२ पासून विद्यापीठ आहे. लहान गावातून मुली शिकायला बाहेर पडतात आणि परत येण्याजोगं काम गावात नसतं. गावं का आटतात हे समजून घ्यायचं तर थर्मामीटरआधी याकडे बघावं लागतं.

‘अंधारामुळे जीव देतात’

आत्महत्यांचं प्रमाण भयंकर आहे, त्यात शंका नाही. नुनावुतमध्ये ते कॅनडाच्या सरासरीच्या दहापटींच्या घरात राहिलंय आणि बळी जातात ते बहुतेक तरुण मुलगे. २०१५ मध्ये नुनावुत सरकारने याला संकट म्हणून जाहीर केलं. वाद आहे तो ‘म्हणून’ या शब्दावर.

मुळात सहा महिन्यांची रात्र फक्त थेट ध्रुवावर असते, आणि तिथे कुणाचंच गाव नाही. नुनावुतची राजधानी इकालुइट तर आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथे डिसेंबरातही रोज सूर्य उगवतो. ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येत नाही. लोकांची झोप बिघडते, पण मानसिक त्रासात हिवाळ्यात मोठी वाढ तिथल्या पाहणीत दिसली नाही. ग्रीनलंडच्या १९६८ ते २००२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा तर आत्महत्या सर्वांत जास्त उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास आढळल्या. म्हणजे सूर्य मावळत नाही तेव्हा.

याहून मोठी गोष्ट काळाची आहे. १९०० ते १९३० दरम्यान ग्रीनलंडमध्ये वर्षाला लाखामागे तीनच्या आसपास आत्महत्या नोंदल्या गेल्या. १९८० च्या दशकात हा आकडा शंभराच्या वर गेला. अंधार तोच, थंडी तीच. मग मधल्या काळात झालं काय?

‘त्यांना शहरात हलवा’

हेच झालं. ढकलपत्र जो उपाय नवा म्हणून सुचवतं, तो अर्ध्या शतकापूर्वी करून झालाय.

ग्रीनलंड ज्याच्या अखत्यारीत येतो त्या डेन्मार्कने १९५०-६० च्या दशकांत ग्रीनलंडचं ‘आधुनिकीकरण’ हाती घेतलं. विखुरलेली माणसं मोजक्या गावांत गोळा करायची, मासळीचे कारखाने काढायचे, शाळा-दवाखाने द्यायचे. हेतू वाईट नव्हता, आणि क्षयरोग खरंच कमी झाला, तेही सांगायला हवं. पण त्याच धोरणात कुल्लिस्सात हे हजारावर वस्तीचं खाणीचं गाव १९७२ मध्ये बंद झालं आणि माणसं किनाऱ्यावरच्या इतर गावांत वाटली गेली. नूकमध्ये ‘ब्लोक पी’ नावाची पाच मजल्यांची लांबलचक चाळवजा इमारत उठली. एका वेळी देशाची एक टक्का लोकसंख्या तिच्यात राहत होती. शिकारीचे जाड कपडे घालून दारातून आत जाताना अंग अडकायचं. मासळी साफ करायला जागा नाही, म्हणून लोक न्हाणीघरातल्या टबात ती कापायचे आणि रक्ताने नळ्या तुंबायच्या. इमारतीच्या नकाशात शिकाऱ्याच्या जगण्याला जागाच नव्हती. २०१२ मध्ये ती इमारत पाडली.

‘आधुनिकीकरणा’च्या त्याच काळात डॅनिश डॉक्टरांनी हजारो ग्रीनलंडी बायका-मुलींच्या गर्भाशयात, कित्येकदा न विचारता, तांबीसारखं गर्भनिरोधक साधन बसवलं. जन्मदर काही वर्षांत निम्म्यावर आला. डेन्मार्कच्या पंतप्रधानांची माफी यायला २०२५ उजाडलं. लोकसंख्येचा आलेख काढणाऱ्याने ही घसरण ‘थंडीमुळे’ या खात्यात टाकू नये.

कॅनडात उलट्या दिशेने हलवाहलव झाली. १९५३ मध्ये क्वेबेक प्रांतातल्या इनुकजुआकमधल्या इनुइट कुटुंबांना सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला, आजच्या ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्यूट इथे नेलं. शिकार भरपूर मिळेल, नाही जमलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगून. ते वचन पाळलं नाही. पहिला हिवाळा तंबूत काढला, आणि महिनोन्‌महिने सूर्य न दिसणं काय असतं हे त्या लोकांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. शिवाय बहुतेक इनुइट मुळात ऋतूप्रमाणे फिरणारे. त्यांना एका जागी बसवलं ते शाळा आणि सरकारी भत्ते यांच्या दबावाने. आज ज्या वस्त्यांना ‘आडगाव’ म्हणून हिणवतात, त्यातल्या कित्येक सरकारनेच वसवल्यात!

‘पाण्यासारखा पैसा’

पैसा लागतो. नुनावुतचं बहुतांश अंदाजपत्रक ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारच्या, पैशावर चालतं. पण तो कुठे जातो ते बघण्यासारखं आहे. आजारी माणसाला विमानाने दक्षिणेत नेणं-आणणं हा तिथल्या आरोग्याच्या खर्चातला मोठा भाग. गरोदर बाईलाही, सगळं सुरळीत असलं तरी, अनेक वस्त्यांतून कित्येक आठवडे आधी बाहेर पाठवतात. बाळंतपण अनोळखी शहरात, मोठी मुलं मागे गावात कुणाच्या तरी भरवशावर.

क्वेबेकच्या उत्तर भागात पुविर्नितुक हे इनुइट गाव आहे. तिथल्या बायकांनी हे नको म्हणून लावून धरलं आणि १९८६ मध्ये गावातच प्रसूतिकेंद्र सुरू झालं. गावातल्याच इनुइट बायका शिकून सुईणी झाल्या. जोखमीच्या बाळंतपणासाठी विमान आजही मागवावं लागतं. बाकीची बहुतेक बाळं तिथेच जन्मतात. एका फेरीचं भाडं वाचतं, आणि बाळ जन्मलं तेव्हा आजी शेजारी असते.