हातचा एक आणि जलद लोकल

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने डब्याची पिशवी धरली की माणसाचे म्हणावे असे फक्त डोकेच मोकळे उरते, आणि तेही शेजाऱ्याच्या काखेखाली असते. त्याला काही काम असावे म्हणून मी रोज १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येचा विचार करतो.

या संख्येवर आम्हा डोंबिवलीकरांचा थोडा हक्क आहे. देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. कापरेकर यांनी असल्या संख्यांना ‘डेमलो’ हे एका रेल्वे स्थानकाचे नाव दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, आणि कल्पना त्यांना तिथेच सुचली, असे सांगतात. या फलाटावर उभे राहून कोणाला काही सुचत असे, हेच मला संख्येपेक्षा नवलाचे वाटते.

१ हा अंक नऊ वेळा लिहून त्या संख्येचा वर्ग केला की ही संख्या मिळते. ती उलटसुलट सारखीच वाचता येते, आणि तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचा वर्गच. लहानपणी पाठ केलेल्या ‘एकं, दहं, शतं’मध्ये तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी बसतो. पुढे फक्त परार्ध. (बसायला मिळाले, हेही काही कमी नाही.) वर्गमुळाचे अवयव पाडताना ९ आणि ३७ लगेच सापडतात, पण मग ३३३६६७ उरतो. तो मूळ आहे हे पडताळायचे तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि दिवा स्थानक येईपर्यंत माझी मजल २३ च्या पुढे कधी गेलेली नाही.

तिचे सारे सौंदर्य एका गोष्टीवर टिकून आहे: गुणाकार मांडल्यावर मधल्या रकान्याची बेरीज नेमकी नऊ येते, त्यामुळे कुठेही हातचा धरावा लागत नाही. परवा मी दहा एकांचा वर्ग करायला घेतला. मधल्या रकान्यात दहा झाले, शून्य ठेवून हातचा एक नवाकडे गेला, नवाचेही दहा झाले, त्याने आपला हातचा आठाकडे ढकलला आणि डावीकडचा आठ नाहीसा झाला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१.

नेमके तेव्हाच ठाणे आले.

“काका, उतरायचंय का?”

“नाही हो, भायखळा.”

“मग दारात कशाला उभे राहता?”

त्याला मागून कोणी तरी ढकलले, त्याने मला ढकलले आणि मी फलाटावर आलो. गाडी सुटली. पुढच्या लोकलला वेळ होता, म्हणून मी ३३३६६७ ला २९ ने भागले. बाकी २२ उरली. डब्याची पिशवी मात्र भायखळ्याकडे निघून गेली होती.